सिझेरियननंतर गोळी घड्याळ पाहून घ्या

प्रश्न असा आहे: "तीन आठवड्यांनी माझं दुसरं सिझेरियन ठरलंय. पहिल्या वेळी ऑपरेशनच्या दिवशी फारसं दुखलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कॉटवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बाळाला पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ यायची. औषध दुधातून बाळाला जाईल या भीतीने मी गोळ्या टाळल्या, अगदीच असह्य झालं की एखादी घेतली. या वेळी बाळाला धोका न होता दुखणं कमी कसं ठेवता येईल?"

मी भूलतज्ज्ञ आहे. गेल्या २२ वर्षांतला माझा बराच वेळ प्रसूती विभागात गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या त्रासाचं मोठं कारण तुम्हीच लिहिलंय: "अगदीच असह्य झालं की एखादी घेतली." दुखणं टिपेला पोचल्यावर घेतलेली गोळी विरघळून रक्तात उतरायला अर्धा-पाऊण तास जातो, पुरता गुण यायला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात बाई अंग आखडून घेते, श्वास उथळ होतो, पोटाचे स्नायू ताठ होतात आणि त्या ताठरपणाने टाके आणखी ओढले जातात. मग गोळी लागूच पडत नाही असं वाटतं. खरं तर ती उशिरा घेतलेली असते. पुन्हा दुखेपर्यंत पुढची गोळी घ्यायची नाही, म्हणजे हाच फेरा दिवसातून तीन-चार वेळा.

आधी दुधाची भीती काढून टाकू, कारण ती मनात असेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही. सिझेरियननंतरच्या वेदनाशमनाचा पाया दोन औषधांवर उभा असतो. एक पॅरासिटामॉल, दुसरं सूज आणि दाह कमी करणाऱ्या गटातलं, म्हणजे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. दोन्ही दुधात उतरतात, पण किती? आयबुप्रोफेन घेणाऱ्या आईच्या दुधातून बाळाला मिळणारा अंश, वजनाच्या हिशेबाने, आईच्या मात्रेच्या १ टक्क्यापेक्षाही कमी असतो. पॅरासिटामॉल त्याहून थोडं जास्त उतरतं, तरी तान्ह्या बाळाला ताप आल्यावर डॉक्टर जी मात्रा थेट देतात तिच्यापेक्षा ते कितीतरी कमी भरतं. त्यात पहिले दोन-तीन दिवस येणारं चिकाचं दूध मुळातच थोडं असतं. म्हणजे ज्या दिवसांत तुम्हाला औषधाची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत बाळापर्यंत ते सर्वांत कमी पोचतं. एक अपवाद लक्षात ठेवा: बाळाला पाजणाऱ्या आईने दुखण्यावर म्हणून अॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रा घेऊ नयेत.

दुखण्यामुळे मात्र दुधावर नक्की परिणाम होतो. कुशीवर वळता येत नाही, बाळाला नीट धरता येत नाही, दूध पाजणं लांबत जातं. वेदना आणि ताण असेल तर पान्हा फुटायलाही वेळ लागतो. गोळी टाळून बाळाचं भलं होतं असा समज असलेल्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या जे सोसत असतात त्यातून बाळाला काहीच मिळत नसतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग मी विसरलेले नाही. एका बाळंतिणीच्या कागदावर मी वेदनाशामकापुढे "लागल्यास" एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीला गेले तर ती शांत पडून होती. दुखतंय का विचारलं, तर "नाही, ठीक आहे" म्हणाली. नर्सनेही तेच सांगितलं. मग मी तिला उठून बसायला सांगितलं, आणि ती अर्ध्यातच पांढरीफटक पडली. रात्रभर ती एका अंगावर न हलता पडून होती, बाळ शेजारी रडत असताना त्याला उचलायला दुसऱ्या कुणाला हाक मारत होती. न हलल्यामुळे दुखत नव्हतं, म्हणून तिने काही मागितलं नव्हतं. चूक माझी होती. जी बाई मागायला संकोचते तिच्यासाठी "लागल्यास" या शब्दाचा अर्थ "देऊ नका" असाच होतो. तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. वर सांगितलेली दोन्ही पायाभूत औषधं वेळेनुसार लिहायची, आणि "दुखतंय का" विचारण्याऐवजी "खोकता येतंय का, कुशीवर वळता येतंय का, उठून बाळाला घेता येतंय का" असं विचारायचं. तुम्हीही स्वतःचं दुखणं याच मापाने मोजा. पडून असताना शून्य आणि उठताना दहापैकी आठ असेल तर ते आठच आहे.

सिझेरियननंतरचं दुखणं एकाच जातीचं नसतं, आणि म्हणूनच एका औषधाने ते भागत नाही. एक दुखणं टाक्यांचं: कापलेल्या थरांचं, जळजळणारं, हालचालीने वाढणारं. दुसरं गर्भाशयाचं. बाळ चोखायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. त्याने पान्हा येतो आणि त्यानेच गर्भाशय आकसतं. ते आकसणं गरजेचं आहे, रक्तस्राव त्यानेच आटोक्यात राहतो, पण कळ येते. तुम्हाला पाजताना यायची ती हीच. दुसऱ्या बाळंतपणात या कळा पहिल्यापेक्षा जोरकस असतात, तेव्हा या वेळी त्या जास्त जाणवल्या तर घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. या कळांमागे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकचा गट नेमका तीच तयार होऊ देत नाही. म्हणून नुसत्या पॅरासिटामॉलने टाके बरे वाटतात पण कळा जात नाहीत, हा अनुभव अनेकींना येतो. तिसरं दुखणं गॅसचं. आतडी मंदावलेली असतात, पोट फुगतं, कधी खांद्याच्या टोकापर्यंत कळ जाते. त्यावर वेदनाशामकापेक्षा चालण्याचा गुण जास्त येतो, आणि चालायला जमावं म्हणून आधी टाक्यांचं दुखणं आवरलेलं लागतं.

आता पहिल्या दिवशी तुम्हाला बरं का वाटलं होतं ते. कमरेत इंजेक्शन देऊन जी भूल देतात तिचं मुख्य औषध, बुपिव्हॅकेन, २ ते ४ तासांत ओसरतं. पण त्याच सुईतून अगदी थोडं मॉर्फिन दिलं असेल तर आराम १८ ते २४ तासांपर्यंत टिकतो. ही मात्रा साधारण १०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे स्नायूत दिल्या जाणाऱ्या १० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनचा शंभरावा भाग. मॉर्फिन चरबीत सहज विरघळत नाही, त्यामुळे ते कण्यातल्या द्रवात बराच वेळ रेंगाळतं आणि मज्जारज्जूवर सावकाश काम करत राहतं. त्याच सुईतून फेंटॅनिलही देतात, त्याने ऑपरेशन सुखाचं होतं, पण ते काही तासांतच संपतं. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. तुमच्या वर्णनावरून पहिल्या वेळी बहुधा मॉर्फिन दिलेलं असावं, आणि ते ओसरत असताना खाली कोणताच आधार तयार नव्हता. दुसऱ्या दिवसाचा तो कडेलोट टाळणं हाच या वेळचा मुख्य बेत असायला हवा. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन मॉर्फिनचा असर असतानाच, ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवं. "अजून दुखत नाही, मग गोळी कशाला" असं त्या दिवशी वाटेल. तीच गोळी महत्त्वाची असते.

या मॉर्फिनने बऱ्याच जणींना खाज सुटते, विशेषतः नाक-चेहऱ्यावर. ती अॅलर्जी नसते. अॅलर्जीच्या गोळीने या खाजेला फारसा फरक पडत नाही, गुंगी मात्र येते. नाल्बुफिनची छोटी मात्रा जास्त उपयोगी पडते. मळमळही होऊ शकते, त्यावर चांगली औषधं आहेत. श्वास मंदावण्याचा धोका निरोगी बाईत या छोट्या मात्रेला फार क्वचित दिसतो, तरी पहिले किमान १२ तास श्वासाची गती आणि गुंगी ठरावीक वेळाने पाहायची असते. रात्री कुणी येऊन हळूच श्वास मोजत असेल तर त्यासाठीच.

वेदनाशमनाच्या शिफारशी तयार करणाऱ्या 'प्रॉस्पेक्ट' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सिझेरियनसाठी २०२१ साली ज्या शिफारशी छापल्या, त्यांचा गाभा हाच आहे: कण्यात थोडं मॉर्फिन, बाळ बाहेर आल्यावर शिरेतून डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची एक मात्रा, पॅरासिटामॉल आणि दाहशामक नियमित वेळेवर, आणि अफूजन्य औषधं फक्त एवढं करूनही दुखलं तर.

नियमित म्हणजे कसं? ५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या आणि यकृत निरोगी असलेल्या बाईला पॅरासिटामॉल दर ६ तासांनी १ ग्रॅम, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर ६ ते ८ तासांनी, किंवा त्याऐवजी डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. "किंवा" हा शब्द जपून वाचा: दाहशामक गटातली दोन औषधं एकत्र घ्यायची नाहीत. त्याने आराम वाढत नाही, पोट आणि मूत्रपिंडावरचा भार तेवढा वाढतो. पॅरासिटामॉल आणि दाहशामक मात्र एकत्र चालतात, दोघांची कामाची रीत वेगळी असते. मिश्र गोळ्यांकडेही लक्ष ठेवा. अनेक वेदनाशामक गोळ्यांत, सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, आणि नकळत दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचायची सवय लावा. तुमची मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. हे आकडे त्यांच्याशी बोलताना तुम्हाला अंदाज असावा म्हणून दिले आहेत.

माझा अनुभव असा की सगळं गणित रात्री बिघडतं. रात्री बाराची मात्रा "झोपली आहे, उठवू नका" म्हणून चुकते आणि पहाटे चारला बाई कळवळून जागी होते. मी घरच्यांनाही सांगते: पहिले दोन-तीन दिवस रात्रीच्या गोळीला उठवा. बाळ तसंही तिला उठवणारच असतं, त्या वेळेशी गोळी जुळवून घ्या. एका कागदावर वेळ आणि औषध लिहीत जा. झोप अपुरी असताना कुणालाच शेवटची गोळी कधी घेतली ते आठवत नाही.

दाहशामक सर्वांना चालत नाही. मूत्रपिंडाचा त्रास, जठरातला व्रण, प्लेटलेट फार कमी असणं, या गटातल्या औषधाने पूर्वी दमा उसळलेला असणं, ऑपरेशनमध्ये खूप रक्तस्राव होऊन लघवी कमी झालेली असणं, अशा वेळी ते थांबवतात किंवा उशिरा सुरू करतात. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता एवढ्याच कारणाने मात्र ते सरसकट नाकारायची गरज नसते.

हा पाया भक्कम असूनही दुखलं तर वरचढ औषध लागतं, आणि इथे मी ठाम आहे. बाळाला पाजणाऱ्या आईला कोडीन देऊ नये. यकृतातलं एक एन्झाइम कोडीनचं मॉर्फिन करतं, आणि काही माणसांत ते इतक्या झपाट्याने होतं की दुधातून बाळाला धोकादायक मात्रा जाऊ शकते. कोणत्या आईत असं होईल हे तिच्याकडे पाहून कळत नाही. ट्रामाडॉलचंही रूपांतर याच एन्झाइममुळे होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही औषधं घेऊ नयेत असा इशारा दिला. ट्रामाडॉल तरीही पुष्कळ ठिकाणी दिलं जातं. ते देण्याची वेळ आली तर कमीत कमी मात्रा, थोडेच दिवस, आणि बाळावर नजर. मला स्वतःला गरज पडल्यास रुग्णालयातच तोंडाने मॉर्फिनची छोटी मात्रा देणं जास्त भरवशाचं वाटतं, कारण तिचा परिणाम प्रत्येकीत बराचसा सारखा असतो. यातलं कोणतंही औषध चालू असताना बाळ नेहमीपेक्षा जास्त गुंगीत वाटलं, दूध ओढेनासं झालं, अंग ढिलं पडलं किंवा श्वास अडखळला तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करावं लागलं तर कण्यातलं मॉर्फिन नसतं. तेव्हा पोटाच्या भिंतीतल्या नसांजवळ सोनोग्राफीच्या मदतीने बधिर करणारं औषध सोडतात किंवा ते जखमेतच भरतात. त्याने टाक्यांचं दुखणं बरेच तास आवरतं. पोटाच्या भिंतीतल्या या इंजेक्शनने गर्भाशयाच्या कळा मात्र थांबत नाहीत, हे आधी सांगितलेलं नसेल तर बाईला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून त्या इंजेक्शननंतरही दाहशामक लागतंच.

औषधाइतकीच उठण्याची पद्धत महत्त्वाची. सरळ उताणं असताना मान उचलून उठू नका, सगळा ताण टाक्यांवर येतो. गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदम वळवत कुशीवर या, पाय कॉटखाली सोडा आणि हाताच्या जोरावर बसा. दोन मिनिटं बसून मग उभं राहा. तुम्हाला अंधारी आली त्यात दुखण्याबरोबर रक्तदाब उतरण्याचाही भाग असणार, म्हणून पहिल्यांदा उठताना कुणीतरी शेजारी हवंच. गोळी घेतल्यावर तासाभराने उठायचं ठरवलं तर ते जास्त सोपं जातं. खोकताना, शिंकताना, हसतानासुद्धा उशी पोटावर दाबून धरा. पोटपट्टा बऱ्याच जणींना आधार देतो. श्वास अडकेल इतका घट्ट नको. पाजताना बाळाचं वजन टाक्यांवर येऊ देऊ नका: कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेखालून, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे जातील असं धरा. लवकर चालणं हे केवळ बरं वाटण्यासाठी नाही. बाळंतपणानंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या बाईत तो आणखी वाढतो.

पाठीची एक शंका तुम्ही विचारलेली नाही, पण पुढची बाई विचारेलच. कमरेतल्या इंजेक्शनच्या जागी काही दिवस दुखू शकतं. वर्षानुवर्षांची पाठदुखी मात्र त्या सुईमुळे लागत नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि बाळाला वाकून उचलणं ही त्याची खरी कारणं.

सुरुवातीचं तीव्र दुखणं तिथेच संपत नाही, हेही सांगायला हवं. 'पेन' या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली १२८८ बाळंतिणींचा अभ्यास छापून आला होता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ३६ तासांत ज्यांना तीव्र वेदना होत्या त्यांच्यात ८ आठवड्यांनीही दुखत राहण्याची शक्यता सुमारे अडीच पट आणि नैराश्याची सुमारे तिप्पट दिसली, मग बाळंतपण नैसर्गिक असो वा सिझेरियन. पहिलं दुसऱ्याचं कारणच आहे असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण जिला सुरुवातीला फार दुखलं तिची पुढेही चौकशी करत राहावं, इतकं मला त्यातून पटलं आहे.

दुखण्याचा आलेख दिवसागणिक उतरत जायला हवा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो पुन्हा चढायला लागला तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप, टाक्यांतून पू किंवा लाली, घाण वासाचा स्राव, तासाला एक पॅड भिजवणारा रक्तस्राव, लघवी अडणं किंवा तिची आग, पोट फुगून उलट्या, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, या गोष्टींना वेदनाशामक हे उत्तर नाही. छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर वेळ न घालवता रुग्णालय. डोकेदुखीचे दोन प्रकार वेगळे ओळखा. बसल्या-उभ्याने वाढणारी आणि आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी कण्यातल्या सुईशी संबंधित असू शकते, भूलतज्ज्ञाला कळवा, तिच्यावर चांगला उपाय आहे. आडवं होऊनही न उतरणारी, किंवा डोळ्यांपुढे चमकण्याबरोबर वा पोटाच्या वरच्या भागात दुखण्याबरोबर येणारी असेल तर आधी रक्तदाब मोजा, तोही तातडीने.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस दोन्ही गोळ्या वेळेवर चालू ठेवा. मग जोराचं औषध असेल तर ते आधी बंद, त्यानंतर दाहशामक, सर्वांत शेवटी पॅरासिटामॉल. बहुतेक जणींना दुसऱ्या आठवड्यात फारसं काही लागत नाही. शौचाला कडक होऊ देऊ नका, कुंथण्याने टाक्यांना जे दुखतं ते गोळीने थांबत नाही. गरज वाटली तर बाळाला पाजणाऱ्या आईला लॅक्टुलोजसारखं सौम्य रेचक चालतं.

या तीन आठवड्यांत एक काम करा. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाशी भेट मागा आणि पहिल्या वेळचा अनुभव जसा मला लिहिलात तसाच त्यांना सांगा. कण्यात मॉर्फिन देणार का, दुसऱ्या दिवशीची औषधं वेळेनुसार लिहिणार का, आणि रात्री दुखलं तर कुणाला सांगायचं, हे तीन प्रश्न विचारा. दमा, जठराचा त्रास, मूत्रपिंड, आधी एखाद्या औषधाने झालेला त्रास, सगळं सांगा. पहिल्या ऑपरेशनचा भुलेचा कागद मिळाला तर बरोबर न्या. कण्यात कोणतं औषध किती दिलं होतं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या हालांशी ते ताडून पाहिलं की या वेळी नेमकं कुठे भर घालायची ते त्यांना लगेच कळेल.